रान कुणाचं, डुक्कर कुणाचं? परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या एका आग्रहाबद्दल: एक लेख आणि त्यावरच्या प्रतिक्रिया

मांगर

यंदा भात लोंबीला आल्यापासून आम्ही दोघे भाऊ आळीपाळीने शेतातल्या मांगरात, म्हणजे खोपीत, झोपायला जात होतो. ऑक्टोबरातली गोष्ट. रात्रभर डबे वाजवले, दोनदा सुतळी बॉम्ब लावला, पहाटे तीननंतर जरा डोळा लागला. उजाडल्यावर बघतो तर खालचे दोन कुणगे, म्हणजे भाताचे वाफे, आडवे. डुक्कर खातं त्यापेक्षा लोळून जास्त घालवतं. मधोमध चटई अंथरावी तसं भात दाबलेलं, लोंब्या ओरबाडलेल्या, आणि बांध नाकाडाने असा उकरलेला की पाणी सगळं शेजाऱ्याच्या शेतात. आई बांधावर येऊन उभी राहिली. म्हणाली, "आवंदा ह्या कुणग्यात काय्येक मिळाचां नाय." मग खाली बसून चिखलात पडलेल्या लोंब्या एकेक करून खुडायला लागली.

भरपाईचा अर्ज गेल्या वर्षी केला होता. फोटो, सातबारा, पंचनामा, चार हेलपाटे. जे मिळालं ते हेलपाट्यांच्या खर्चाला पुरलं. यंदा केलाच नाही.

हे सांगून मी माधव गाडगीळांवर येतो, कारण गेले काही महिने त्यांचं लेखन वाचतो आहे आणि त्यांच्यावर झालेली टीकाही. केरळमध्ये रानडुकरांवरून आणि हत्तींवरून वाद पेटला तेव्हा, साधारण २०२३ च्या सुरुवातीला, त्यांनी उघडपणे मांडलं की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अन्यायकारक आहे, तो रद्द व्हावा, आणि पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरांची नियमबद्ध शिकार गावकऱ्यांना करू द्यावी. पुष्कळ निसर्गप्रेमी हादरले. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींना पाहत वाढलेला, सायलेंट व्हॅली वाचवणाऱ्यांतला, देवरायांवर पहिला शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांतला, पश्चिम घाटाचा अहवाल लिहिणारा माणूस म्हणतो शिकार करा? म्हातारपणी भरकटले, असंही लोकांनी लिहिलं.

माझं म्हणणं असं की ते भरकटले नव्हते. पन्नास वर्षं ते जे सांगत आले, त्याच वाटेवर हे पुढचं पाऊल होतं. आणि ते बघायचं तर बांबूपासून सुरुवात करावी लागते.

१९७० च्या दशकात कर्नाटकात बांबू संपत चालला होता. कागद गिरण्यांना सरकार तो टनाला दीड रुपयाने देत होतं. बुरुडाला तोच बांबू बाजारात हजारांच्या भावाने घ्यावा लागायचा. गिरणीवाल्यांचं आणि वनखात्याचं म्हणणं, गावकरी गुरं चारतात आणि चोरून तोडतात म्हणून बांबू संपतो. गाडगीळ गणिती परिसरशास्त्र शिकून हार्वर्डहून आलेले. ते रानात जाऊन बेटं मोजत बसले. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं दाट जाळं असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. कोवळा कोंब त्या जाळ्यातून वर येतो. खात्याचा नियम असा की बेट 'साफ' करा, म्हणजे कोंबांना मोकळीक मिळेल. मजूर ते काटे छाटून टाकत. गावातली माणसं सांगत होती की अहो, हेच काटे कोंब राखतात. काटे गेले की साळिंदर खातं, माकड खातं, गुरं खातात. मोजणी झाली आणि गावकरी बरोबर निघाले. नियम चुकीचा होता, आणि तो करणाऱ्यांनी कोंबाशेजारी पावसाळा काढलेला नव्हता.

मला वाटतं, त्यांच्या सगळ्या विचाराचं बीज इथे आहे. निसर्ग एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला, मध्ये खाकी कपड्यातला पहारेकरी, हे चित्र त्यांनी मान्य केलं नाही. रानाशी रोजचं देणं-घेणं असणाऱ्या माणसाला रानाचं कळतं, आणि ते रान त्याच्या ताब्यात असेल तर तो जपतो. ताबा काढून घेतला की तोच माणूस उद्या हरवणाऱ्या वस्तूकडे बघावं तसा त्याच्याकडे बघतो आणि आज मिळेल तेवढं ओरपतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबू विकूनही जंगल उभं आहे. गाडगीळ त्या गावाबद्दल पुन्हा पुन्हा लिहीत.

मग डुकराबद्दल वेगळा नियम का? डुक्कर काही नष्ट होत चाललेलं जनावर नाही. माझ्या शेतात राहतं, माझं खातं, मी हात लावला तर मी गुन्हेगार. ज्याच्या अंगणात ते येतं त्याला त्याच्याबद्दल काही ठरवता येत नाही. गाडगीळ म्हणत होते, ते ठरवण्याचा हक्क गावाला द्या. मी त्यांच्या बाजूने आहे. तुम्ही सांगा.

पाणकावळा

तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं, हे आधी सांगतो. मी पुण्यात राहतो, पंधरा वर्षं पक्षीगणना करतो आहे, माझं एक रोपसुद्धा कधी डुकराने खाल्लेलं नाही. हे जाणूनच लिहितो आहे.

पण मुद्दा सोडणार नाही. १९७२ साली देशात वाघ किती उरले होते? त्या वर्षीच्या मोजणीत १,८०० च्या आसपास. २०२२ च्या अंदाजात ३,६८२. मधल्या पन्नास वर्षांत देशाची लोकसंख्या दुपटीहून जास्त वाढली, रस्ते, धरणं, खाणी झाल्या, आणि तरी वाघ वाढला. जगात इतर कुठे एवढ्या दाट वस्तीत हे घडलेलं नाही. ते घडलं कारण कायद्याने एक रेघ मारली: मारायचं नाही. अडाण्यालाही कळेल इतकी सोपी रेघ. ती पुसून तुम्ही तिथे 'नियमबद्ध' हा शब्द ठेवता. नियम कोण मोजणार? बंदुकीचा आवाज झाला तर तो परवान्याचा की बिनपरवान्याचा, हे अंधारात कोण सांगणार?

आणि माळढोक बघा. सोलापूरजवळच्या नान्नजला मी २००६ पासून जातो. पहिल्या वर्षी गवतात मान वर काढून चालणारा नर पाहिला होता, दूरवरून, उन्हाच्या झळांमध्ये थरथरताना. आता तिथे जाऊन गवत बघून परत येतो. स्थानिकांना त्या पक्ष्याबद्दल प्रेम असतं तर तो राहिला असता. नव्हतं. त्यांना तो नकोसाच झाला होता.

मांगर

पाणकावळा, माळढोकाचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण ते माझ्या बाजूचं आहे. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर केलं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात घातले, गावं, बाजारपेठा, ऊसशेती सगळं. जमिनीचा व्यवहार करायला गेलं की अभयारण्य आडवं यायचं. ज्या शेतकऱ्याने जन्मात माळढोक पाहिला नाही, त्याच्या मुलीच्या लग्नाला जमीन विकायच्या वेळी तो पक्षी आडवा आला. पुढे ते क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं, तोवर तीन दशकं गेली. तो पक्षी लोकांना नकोसा झाला हे खरं. पण नकोसा कुणी केला? आपल्या माळावर त्याला अंडी घालू देणारे धनगर आणि शेतकरी तिथे अभयारण्याच्या आधीपासून होते.

राजस्थानात भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात हेच झालं. १९८२ मध्ये म्हशींना चराईबंदी केली, आणि ती बंदी सालिम अलींच्या सांगण्यावरून झाली होती. विरोध झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. नंतर म्हशी नसल्यामुळे पाण्यात गवत माजलं, पाणपक्ष्यांना मोकळं पाणी उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातच पुढे निघालं की म्हशींचं चरणं पक्ष्यांच्या सोयीचं होतं. गाडगीळांच्या मनात सालिम अलींबद्दल किती आदर होता हे सगळ्यांना माहीत आहे. तरी ही गोष्ट ते सांगत राहिले, कारण ती सांगणं भाग होतं.

वैनगंगाकाठ

मी ब्रह्मपुरीकडचा. तुमच्या दोघांचं वाचलं आणि गप्प बसवेना.

मांगरभाऊ, डुकराचा प्रश्न सोपा आहे. आमच्याकडे वाघ आहे. आमच्या बाया मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला जातात. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा झाडून ठेवतात, फुलं तिथे टपटपतात, आणि बाई वाकून वेचत असते. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही असं म्हणतात. माझी मावशी अशीच गेली. टोपलीत अर्धी फुलं होती, ती तशीच होती. गावाने ती टोपली तीन दिवस कुणाला हलवू दिली नाही.

अंत्यविधीला एक साहेब आले, त्यांनी सांगितलं, जंगलात जाऊ नका. पुढच्या आठवड्यात माझ्या मावसबहिणी त्याच जंगलात गेल्या, कारण मोहफूल महिनाभरच पडतं. त्यांना कुणीच विचारलं नाही की काय केलं तर तुम्हाला सुरक्षित वाटेल. एकत्र जायला सोबत द्यायची का, झाडांची वाटणी करायची का, कुठल्या नाल्याकडे वाघिणीची पिल्लं आहेत हे आधी सांगायचं का. गाडगीळांचा मुद्दा मला तिथे पटतो: विचारा.

पण पुढचं ऐका. मेंढ्याचं नाव सगळे घेतात. नदी ओलांडली की गडचिरोली, मी तिथे चारदा जाऊन आलो आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ असते. ती अंगी यायला किती वर्षं लागली हे कुणी सांगत नाही. दारूबंदीपासून सुरुवात झाली १९८० च्या दशकात. वनहक्क २००९ मध्ये. मधली वीस-पंचवीस वर्षं काय चाललं होतं? बैठका. अभ्यासगट. आणि निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एक माणूस अडला तरी पुन्हा बसायचं. देवाजी तोफांसारखा माणूस गावात, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा सोबती बाहेरून. एवढं सगळं जुळून आलं तेव्हा एक गाव उभं राहिलं. शेजारच्या गावात तेच कायदे, तेच गोंड, तेच जंगल, आणि तिथे ठेकेदार आजही बांबू घेऊन जातो. उद्या सगळ्या गावांना मारायचा परवाना दिला तर किती गावं मेंढा असतील?

बीटवाला

निवृत्त वनरक्षक आहे. बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा कोकणात. पाणकावळा यांनी विचारलं, अंधारात कोण सांगणार. मी सांगतो, कारण अंधारात मीच असायचो.

मोटरसायकलच्या क्लचची तार. डुकरासाठी फासा त्याचा करतात. पाणवठ्याच्या वाटेवर दगडी गडग्याला जिथे भगदाड असतं तिथे लावतात, एक टोक झाडाच्या बुंध्याला. डुक्कर अडकलं तर अडकलं, पण त्या भगदाडातून सगळेच जातात. एका जानेवारीत पहाटे मला बोलावणं आलं. बिबट्या, मादी. तार कंबरेत. रात्रभर ती त्या झाडाभोवती फिरली होती, त्यामुळे झाडाची साल चहूबाजूंनी हातभर उंचीपर्यंत सोललेली आणि खालची माती अंगणासारखी गुळगुळीत. मी दहा हातांवर उभा होतो. ती आवाज करायची थांबली होती, नुसती बघत होती. भूल देणारे डॉक्टर येईपर्यंत दुपार झाली. ती संध्याकाळी गेली. तिच्या पोटात दोन पिल्लं होती.

तार लावणारा बाहेरचा नव्हता. त्याच वाडीतला, माझ्या ओळखीचा, माझ्याबरोबर चहा पिणारा. त्याचंही भात गेलं होतं. मांगर, तुमच्यासारखंच.

शेतीसंरक्षण परवान्याच्या ठासणीच्या बंदुका कोकणात घरोघरी होत्या, अजूनही पुष्कळ आहेत. परवाना पिकासाठी, वाटे भेकराचे. शिमग्याच्या आसपास हाका घातला की डुक्कर उठो, सांबर उठो, समोर आलं ते पाडायचं. मी किती वेळा हाक्यामागून पोचलो आणि फक्त रक्ताचा माग मिळाला. गाडगीळ फार मोठे. त्यांनी गावात जे शहाणपण पाहिलं ते खोटं नाही, बांबूच्या काट्यांचं मीही मानतो. पण गावात तेवढंच नाही, आणि मी ते उरलेलं पाहिलं आहे.

राईतली

बीटवाले काका, त्या मादीचं वाचून पुढे काही लिहायला वेळ लागला.

मी राजापूर तालुक्यातली. गाडगीळांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांबरोबर देवरायांचा अभ्यास केला, त्यातली एक गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची राई तोडायचं ठरलं होतं. गावकऱ्यांनी या दोघांना गाठलं, कारण बारमाही पाण्याचा एकच झरा, तो त्या राईतून येत होता. राई देवीची म्हणून तर राखली होतीच, पण पाण्याची म्हणून राखली होती हे गावाला पक्कं ठाऊक होतं. मला ही गोष्ट फार आवडते.

आता माझ्या गावची सांगते. आमच्या राईत ऐनाची, किंजळीची झाडं होती, आणि एक गारंबीचा वेल, त्यावर आम्ही झोपाळा खेळायचो. त्याची शेंग हातभर लांब. राईतलं वाळकं लाकूडसुद्धा कुणी घरी नेत नसे. दहा वर्षांपूर्वी मंदिराचा जीर्णोद्धार निघाला. कौलारू देऊळ पाडून स्लॅब टाकायचा, समोर सभामंडप, फरशी. पैसे कमी पडले. मानकऱ्यांची बैठक बसली, देवाला कौल लावला, देवाने उजवा दिला, आणि एकवीस झाडं गेली. कुणी बाहेरचा अधिकारी आला नव्हता. कंपनी आली नव्हती. निर्णय गावाचा.

पण तो 'गाव' कोण होता? बारा-पाच मानकरी. एकही बाई नाही. राईखालच्या झऱ्यावर पाणी कोण भरायचं? बाया. आता तो झरा मार्चमध्ये आटतो आणि एप्रिलपासून टँकर येतो. माझी आजी तेव्हा म्हणाली होती, झाडं काढू नका, पाणी जाईल. ते ती चुलीपाशी म्हणाली. बैठकीत तिला जागा नव्हती.

म्हणून मांगरदादा, 'गावाला हक्क द्या' हे वाक्य मी तुमच्याइतक्या सहज म्हणू शकत नाही.

मांगर

ताई, याला माझ्याकडे पटकन उत्तर नाही. आमच्या गावातही वरचा डोंगर गेला. विकला तो आमच्याच चुलत्यांनी, रबराच्या लागवडीसाठी. एका उन्हाळ्यात साफ केला. पावसाळ्यात ओहोळ लाल झाला, तो अजून प्रत्येक पावसात लाल होतो. डुकरं खाली शेतात उतरण्याचं एक कारण तेही आहे, हे मला मूळ लेखात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

तरी एक फरक दाखवतो. चुलत्यांनी विकला तो खाजगी सातबारा होता; ग्रामसभेला विचारायची गरज नव्हती आणि कुणी विचारलंही नाही. तुमच्या राईचा निर्णय मानकऱ्यांनी घेतला. वनहक्क कायद्यातली ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी प्रौढ माणसं, आणि तिच्या कोरममध्ये एक तृतीयांश बाया असाव्यात असा नियम आहे. तुमची आजी त्या सभेत असती. ती चुलीपाशी जे बोलली ते तिथे बोलली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण तिला तिथे बसवण्यासाठीच तर हा आग्रह आहे.

पाणकावळा

मग मला केरळचं उत्तर द्या. पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ ला दिला गेला. त्यात सगळं ग्रामसभांना विचारून करा असंच सुचवलं होतं. आणि त्याला सर्वांत कडवा विरोध कुणी केला? इडुक्की आणि वायनाडच्या शेतकऱ्यांनी. मोर्चे काढले, बंद पाळले. ज्यांच्या हातात निर्णय द्या असं गाडगीळ म्हणत होते, त्यांनीच त्यांना नको म्हटलं. ३० जुलै २०२४ ला वायनाडच्या मुंडक्कै आणि चूरलमलावर डोंगर कोसळला तेव्हा सगळ्यांना गाडगीळ आठवले. त्याच्या बरोबर दहा वर्षं आधी, ३० जुलै २०१४ ला, आपल्याकडे माळीण गेलं होतं. लोकांना स्वतःचं हित कळतं यावर तुमचा एवढा भरवसा असेल, तर हे काय झालं?

मांगर

अहवाल दिला ३१ ऑगस्टला. तो लोकांसमोर आला पुढच्या वर्षी मे महिन्यात, तेही माहिती अधिकारात मागणी झाली, माहिती आयोगाने सांगितलं, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे हरलं तेव्हा. जवळजवळ नऊ महिने तो दाबून ठेवला होता, आणि आला तो इंग्रजीत. तो स्थानिक भाषांत आणून ग्रामसभांपुढे ठेवा, त्यांना बदल सुचवू द्या, असं त्यात स्पष्ट होतं. ते झालंच नाही. शेतकऱ्याच्या हाती अहवाल पोचण्याआधी अफवा पोचली: घर बांधता येणार नाही, गाय पाळता येणार नाही, हाकलून देणार. न वाचलेल्या कागदाला त्यांनी विरोध केला, आणि त्या विरोधामागे खाणीवाले आणि दगडखाणवाले उभे होते.

आता आमच्या जिल्ह्याचं. सिंधुदुर्गात सावंतवाडी आणि दोडामार्ग पट्ट्यात खाणी येणार होत्या. तिथल्या पंचवीस ग्रामसभांनी ठराव केले की आमचं गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा. आपणहून. त्या अहवालात त्याची नोंद आहे. मी तेव्हा कॉलेजात होतो, एका सभेला बाबांबरोबर गेलो होतो. शाळेच्या पडवीत सभा, कंदील, कारण लाइट गेलेली. ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे घेतले. ते ठराव सरकारने बाजूला ठेवले. त्यानंतर त्या अहवालाच्या फेरविचारासाठी नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने तर लिहिलं की आर्थिक निर्णयांत स्थानिकांची भूमिका असू शकत नाही, आणि गाडगीळांनी त्यांना जाहीर पत्र लिहून विचारलं की राज्यघटनेचं काय. पश्चिम घाटातलं संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या केंद्राच्या जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. सहावा मसुदा. आमच्या पडवीतल्या ठरावाला आता वयात आलेल्या मुलाएवढी वर्षं झाली.

उत्तरेकडची

गाडगीळ शिकारीबद्दल बोलताना स्वीडन-नॉर्वेचा दाखला देत, म्हणून लिहिते. मी मूळ कुडाळची, बारा वर्षं स्वीडनमध्ये आहे, गोथेनबर्गपासून तासभर आत.

इथे ऑक्टोबरात आमच्या भागात मूस हरणाची शिकार सुरू होते तेव्हा अर्धं गाव सुट्टीवर असतं. पण बंदूक घेण्याआधी परीक्षा असते: प्राणी ओळखण्याची, कायद्याची, नेमबाजीची. शिकारीचा हक्क जमिनीबरोबर येतो. ज्याची जमीन त्याचा हक्क, आणि आसपासचे जमीनमालक मिळून किती मारायचे ते ठरवतात. मारलेल्या प्रत्येक मूसची नोंद होते. रानडुकराच्या मांसाचा नमुना जंतांसाठी तपासायला जातो. माझे शेजारी सत्तरीचे आहेत. जखमी जनावर निसटलं तर कुत्रा घेऊन रात्रभर माग काढतात, ते न सापडलं तर त्यांना जेवण जात नाही. हे मी पाहिलं आहे.

पण इथेही लांडग्यावरून शहर आणि गाव एकमेकांशी बोलत नाहीत. मेंढ्या ज्याच्या मेल्या त्याला स्टॉकहोमच्या माणसाने लांडग्याचं कौतुक सांगितलेलं चालत नाही. तेव्हा हक्क दिला की भांडण संपतं असं समजू नका. आणि आमच्या कुडाळात जमिनीच्या एका सातबाऱ्यावर बावीस नावं. इथली पद्धत उचलून तिथे ठेवता येणार नाही. केरळने २०२२ मध्ये पिकं खाणाऱ्या रानडुकरांसाठी परवानाधारक नेमबाजाला परवानगी द्यायचे अधिकार पंचायतींच्या प्रमुखांना दिले, त्याचं काय झालं ते आधी जवळून बघा, ते आपल्याला जास्त उपयोगी.

वैनगंगाकाठ

ताई, 'जेवण जात नाही' हे वाचून थांबलो. आमच्याकडचे जुने गोंड शिकारीही असेच होते. पिल्लं असलेल्या मादीवर हात टाकायचा नाही, विशिष्ट महिन्यांत रानात जायचं नाही, एका कुळाचं देवक असलेलं जनावर त्या कुळाने खायचं नाही. ते सगळं १९७२ नंतर चोरून करायची गोष्ट झाली. चोरून करायच्या गोष्टीला नियम राहत नाहीत. बीटवाले काकांची क्लचची तार मला त्याच वाटेवरची वाटते. उघड शिकार बंद झाली, मग आवाज न करणारी शिकार आली.

बीटवाला

तार कायद्यामुळे आली असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो स्वस्त म्हणून आली. दोन्ही थोडं थोडं खरं असेल. पण ती मादी माझ्यासमोर मेली, तेव्हा कुठल्या कारणाने आली याचा तिला उपयोग नव्हता.

मांगर, एक विचारतो, सरळ उत्तर द्या. तुमच्या वाडीत आज किती फासे लागलेले आहेत?

मांगर

काका, सरळ सांगतो. मी लावलेला नाही. लागलेले आहेत. आमच्या काजूच्या बागेच्या वरच्या अंगाला गडग्यात एक आहे, मला तो कुणाचा तेही माहीत आहे. गेली दोन वर्षं रोज बघतो आणि काही बोलत नाही, कारण त्याचं भात माझ्याआधी गेलं होतं.

२६ जानेवारीची ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेत डुकरांचा विषय मीच दिला आहे, शिकारीच्या परवानगीसाठी शासनाला ठराव पाठवायचा म्हणून. त्याच्या वर आता फासे काढायचा विषय घालतो. आधी तो, मग दुसरा. आई येईल, तिला आणि वाडीतल्या बायांना बोलायला लावतो. राईतल्या ताईंचं वाचून हे सुचलं. तुम्ही कोकणातच असाल तर याल का? वनरक्षक म्हणून नको. त्या बिबट्याबद्दल जे इथे लिहिलंत ते तिथे सांगायला.

बीटवाला

येईन. सभेच्या आदल्या दिवशी येतो, म्हणजे गडगे बघता येतील. पक्कड आणा, साधी नको, तार कापायची. माझी एक आहे, पण तिचा दात गेला आहे.

पाणकावळा

फासे काढताय हे उत्तम. सुट्टी मिळाली तर मीही येतो, तार गोळा करायला. शिकारीच्या ठरावाला मात्र माझा विरोध आहे आणि तो सभेत बाहेर बसून का होईना, सांगेन.